विकरांना घर हवं

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर)



या व्यासपीठावर मी लहानपणी पाठांतर स्पर्धेत एकदा उभा राहिलो होतो. तिसऱ्या ओळीला अडकलो आणि खाली उतरलो. त्यानंतर आज उभा राहतोय. मध्ये पन्नासेक वर्षं गेली आणि त्यातली छत्तीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात काढली. कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, "काका, तुमच्या कामाविषयी बोला, पण आमच्या आईला कळेल असं बोला." मी म्हटलं, तुमच्या आईंना यातलं अर्धं आधीच माहीत असणार. ते कसं, ते सांगतो.

आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड न आणलेल्या नाचणीचं पीठ शिजवलं तर खळीसारखं घट्ट होतं. मोड आलेल्या नाचणीची पेज मात्र पातळ राहते आणि थोडी गोडसर लागते. बाळाला ती पचते. असं का होतं? मोड येताना दाण्यात एक पदार्थ तयार होतो आणि तो पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतो. मटण शिजायला वेळ लागत असेल तर त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतात. पपईच्या चिकात असाच एक पदार्थ असतो, तो मांसातली प्रथिनं तोडतो. या पदार्थांना इंग्रजीत एन्झाइम म्हणतात. मराठीत आपण विकर म्हणतो. आज मी हाच शब्द वापरणार आहे.

विकर सजीव नसतं. ते एक प्रथिन असतं. शेकडो मण्यांची एक माळ आहे आणि ती एका ठरावीक पद्धतीनं गुंडाळून ठेवली आहे, असं समजा. त्या गुंडाळण्यातून एक खोबण तयार होते. ज्या रेणूवर काम करायचं तो त्या खोबणीत बरोबर बसतो, तुटतो किंवा जोडला जातो आणि बाहेर पडतो. विकर जसंच्या तसं राहतं आणि पुढचा रेणू घेतं. विकराचं सगळं सामर्थ्य त्या घडीत आहे. घडी मोडली की मणी तेच, माळ तीच, पण काम शून्य. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, ते पुन्हा पातळ करता येत नाही. विकराचं तसंच होतं. उष्णता, आम्ल, अल्कली, दारूसारखे द्रव, यातलं काहीही जास्त झालं की घडी मोडते.

विकराला काम करायला जिवंत पेशी लागत नाही, हे १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं. त्यानं यीस्ट वाटून, दाबून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेची दारू झाली. त्याबद्दल त्याला १९०७ सालचं नोबेल मिळालं. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनरनं एका विकराचे शुद्ध स्फटिक काढले. ते विकर त्यानं कशातून काढलं माहीत आहे? आपल्या अबईच्या शेंगेच्या जवळच्या नात्यातल्या एका घेवड्याच्या बियांतून! त्या विकराचं नाव युरिएज. ते लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ते परत भेटणार आहे.

आता कारखानदाराची अडचण पाहा. विकर महाग असतं आणि ते पाण्यात विरघळतं. हौदात टाकलं, काम झालं, पण आता त्याला परत कसं काढणार? तयार मालाबरोबर ते वाहून जातं. दर वेळी नवं आणा. शिवाय ते नाजूक, मोकळं असलं की लवकर मरतं. एखाद्या उत्तम कारागिराला रोज नव्यानं बोलवायचं आणि संध्याकाळी गमवायचं, असा तो प्रकार.

याचं उत्तर सापडलं ते लोणारी कोळशात. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांना आढळलं की साखर तोडणारं इन्व्हर्टेज नावाचं विकर कोळशाच्या भुकटीला चिकटून बसलं, तरी काम करत राहिलं. कोळसा गाळून काढता येतो, म्हणजे विकरही परत मिळालं. ही गोष्ट पुढे अनेक वर्षं तशीच पडून राहिली. उद्योगात ती पहिल्यांदा आली १९६९ साली जपानमध्ये. तनाबे सेयाकु कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटानं मण्यांना बांधलेलं विकर नळकांड्यात भरलं, वरून द्रव सोडला आणि खालून अमिनो आम्ल काढलं. तेव्हापासून "बांधलेली विकरं" हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला. मक्याच्या पिष्टापासून गोड सिरप करतात, तेही अशाच बांधलेल्या विकरानं.

माझा संबंध आला तो पेनिसिलिनमुळे. बुरशी वाढवून जे पेनिसिलिन मिळतं ते पेनिसिलिन-जी. पण तुम्हाला डॉक्टर लिहून देतात ते अ‍ॅम्पिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन. ते करायचं तर पेनिसिलिन-जी ची एक शेपटी कापावी लागते. उरतो तो गाभा, त्याला आम्ही ६-एपीए म्हणतो. त्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की नवं औषध. ही शेपटी रसायनांनी कापायची तर शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास थंडी लागते, शिवाय क्लोरीनची घातक रसायनं आणि त्यांचं सांडपाणी. तेच काम पेनिसिलिन असायलेज नावाचं विकर साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या तापमानाच्या आसपास करतं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरावर पुष्कळ काम झालं. आमच्या पिढीतले लोक ते संशोधन वाचतच शिकले.

मी नोकरीला होतो तो कारखाना दुसरा. त्याचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे.

आमच्याकडे हे विकर साबुदाण्यासारख्या सच्छिद्र मण्यांत बांधलेलं होतं. मोठ्या टाकीत मणी, त्यात पेनिसिलिनचं द्रावण, हळूहळू ढवळत राहायचं. शेपटी तुटली की आम्ल सुटतं. त्यामुळे द्रावण आम्लधर्मी होऊ नये म्हणून थेंब थेंब अल्कली सोडत सामू, म्हणजे पीएच, आठाच्या जवळपास ठेवायचा. काम संपलं की द्रावण गाळून काढायचं, मणी धुवायचे आणि पुन्हा वापरायचे. नीट सांभाळले तर असे मणी शेकडो वेळा वापरता येतात.

सामू मोजणारी कांडी दर पाळीच्या सुरुवातीला तपासून घ्यायची असते. त्या रात्री ती तपासली नाही. घाई होती, पाऊस होता, मी उशिरा पोहोचलो होतो. वहीत मात्र "तपासली" असं लिहून सही केली. कांडी जुनी झाली होती, ती खरा आकडा दाखवतच नव्हती. सामू कमी आहे असं समजून यंत्र अल्कली सोडत राहिलं. सकाळी पाहिलं तर त्या खेपेचं पेनिसिलिन गेलं होतं आणि मणीही मेले होते. दिसायला तेच पांढरे मणी, पण एकातही जीव नाही.

ठपका आला ऑपरेटरवर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. अल्कलीचा व्हॉल्व्ह त्यांनी हातानं उघडला असणार, असं वरिष्ठांचं मत झालं आणि मामांना मेमो मिळाला. मी गप्प बसलो. तीन दिवस गप्प बसलो. चौथ्या दिवशी मामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, वहीत तुमची सही आहे, म्हणजे तुम्ही कांडी बघितलीच असणार. चूक माझीच झाली असेल, पण कुठे झाली तेवढं मला समजावून सांगा, म्हणजे पुन्हा होणार नाही."

त्यानंतर मला राहवलं नाही. मी वरिष्ठांकडे जाऊन सगळं सांगितलं. मामांचा मेमो रद्द झाला, तो माझ्या नावावर आला. ते योग्यच होतं. पण मामांच्या बढतीचा कागद त्या तीन दिवसांत परत गेला होता. ती बढती त्यांना पुढे दोन वर्षांनी मिळाली. त्या दोन वर्षांच्या पगारातला फरक मी त्यांना कधीच भरून देऊ शकलो नाही. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, हे त्यांचं मोठेपण.

मामांना मात्र मी तेव्हा समजावून सांगितलं की घरात राहणारं विकरसुद्धा का मरतं. तेच आता तुम्हाला सांगतो.

आधी घराचं माप बघू. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पेनिसिलिन असायलेज साधारण सात नॅनोमीटर लांब आणि पाच-साडेपाच रुंद. सच्छिद्र पदार्थांतल्या छिद्रांचे शास्त्रात तीन वर्ग केले आहेत: दोन नॅनोमीटरपेक्षा लहान, दोन ते पन्नास आणि पन्नासच्या वर. विकराला राहायला मधला वर्ग चांगला. लहान छिद्रात ते शिरतच नाही आणि फार मोठ्यात त्याला आधार मिळत नाही. १९९२ साली मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एमसीएम-४१ नावाची सिलिका केली. तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकसारख्या नळ्या होत्या, पण विकरांसाठी त्या जरा अरुंद. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या विद्यापीठात एसबीए-१५ झाली. तिच्या नळ्या तीस नॅनोमीटरपर्यंत रुंद करता येतात. ही सिलिका म्हणजे मुळात वाळूचंच रसायन, पण एका ग्रॅममधल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती सपाट पसरल्या तर कित्येक शे चौरस मीटर जागा भरते.

या घरात विकराला तीन फायदे मिळतात. पहिला, घडी मोडायला जागाच नसते. माळ सुटायची तर पसरायला जागा हवी, आणि भिंती ती देत नाहीत. दुसरा, शेजारी दूर राहतात. मोकळ्या द्रावणात अर्धवट सुटलेली विकरं एकमेकांना चिकटून गठ्ठा करतात. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली की ते टळतं. तिसरा, चोर आत येत नाही. प्रथिनं खाणारी दुसरी विकरं असतात, जंतू असतात. त्यांना दारातून आत शिरणं कठीण जातं.

पण घराचं भाडंही द्यावं लागतं. आपल्या जुन्या वडोदऱ्यातल्या पोळी आठवा. पोळीत राहणं सुरक्षित, अनोळखी माणूस आला की सगळ्यांना कळतं. पण लग्नाची वरात न्यायची म्हटलं की पंचाईत. विकराच्या गल्लीतही कच्चा माल आत जायला आणि पक्का माल बाहेर यायला वेळ लागतो. मण्याच्या अगदी आतल्या विकराला कधी कधी कामच पोचत नाही. म्हणून मणी फार मोठे करून चालत नाहीत. दुसरं भाडं असं की नुसतं छिद्रात बसवलेलं विकर धुताना हळूहळू निसटून जातं. त्यासाठी त्याला रासायनिक दोरीनं भिंतीला बांधतात. दोरी खोबणीजवळ पडली तर विकर जगतं, पण त्याचा हात अडकतो. प्रत्येक विकराला किती घट्ट बांधायचं, हे अनुभवानंच ठरवावं लागतं.

आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं: दार चोराला बंद असलं तरी पाण्याला उघडंच असतं. आम्ल आणि अल्कली इतके लहान कण असतात की ते कुठल्याही छिद्रातून आत जातात. ते बंद केलं तर कच्चा मालही आत जाणार नाही. घर विकराला पुष्कळ गोष्टींपासून वाचवतं, पण बाहेर लक्ष ठेवणारा माणूस झोपला तर त्याला वाचवू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत याच्याही पुढची एक युक्ती निघाली. आधी घर बांधून मग विकराला आत बोलावायचं, याऐवजी विकराभोवतीच घर बांधायचं. धातूचे अणू हे सांधे आणि सेंद्रिय रेणू हे वासे, अशी जी स्फटिकी चौकट होते तिला मॉफ म्हणतात. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना तिच्यासाठी २०२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातली झिफ-८ नावाची चौकट जस्त आणि एका साध्या सेंद्रिय पदार्थापासून, पाण्यात, खोलीच्या तापमानाला तयार होते. म्हणजे विकराला इजा न करता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की द्रावणात प्रथिन असेल तर ही चौकट त्याच्या भोवतीच उगवते, शिंपल्यातला किडा स्वतःभोवती कवच करतो तशी. अशा कवचातली काही विकरं उकळत्या पाण्यातूनही कामाची राहिली. मोकळं विकर तिथे टिकलं नसतं.

हुरळून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. या चौकटीची दारं अर्ध्या नॅनोमीटरहूनही अरुंद आहेत. लहान रेणूंचं काम असेल तरच उपयोग, पिष्टासारखी लांब साखळी आत जाणार नाही. शिवाय आम्लात ही चौकट विरघळते. त्याचाही काही जण उपयोग करू पाहतात: जिथे आम्ल असेल तिथेच कवच फुटावं आणि औषध बाहेर यावं. पण हे सगळं आज बहुतांशी प्रयोगशाळेत आहे. कारखान्यात अजून आमचे जुने मणीच चालतात.

आता युरिएजकडे येतो. आपल्याकडे शाडूच्या मातीचा गणपती आणतात. हात लावून बघितलं तर ती माती मऊ, गुळगुळीत लागते, कारण तिचे कण फार बारीक असतात. शेतातल्या मातीतही असे चिकणमातीचे बारीक कण असतात आणि त्यांच्यात कुजलेला पाला मिसळलेला असतो. त्यांच्या फटींत युरिएज अडकून बसतं. ज्या जंतूनं ते तयार केलं तो केव्हाच मेलेला असतो, पण विकर काम करत राहतं. शेतकरी युरिया टाकतो, तो याच विकरानं फुटतो आणि पिकाला नत्र मिळतं. आम्ही सिलिकेत आणि मण्यांत जे करायला धडपडलो, ते माती न बोलता करत आली आहे.

शेवटी तुमच्या घरातली गोष्ट. या सभागृहात मधुमेह असलेली मंडळी बरीच असणार. बोट टोचून साखर बघायच्या पट्टीत एक विकर वाळवून बसवलेलं असतं, उदाहरणार्थ ग्लुकोज ऑक्सिडेज. या कल्पनेची सुरुवात लिलंड क्लार्क यांनी १९६२ साली केली. माझ्या आईच्या पट्ट्या आम्ही सोयीसाठी डबीतून काढून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस. आकडे वेडेवाकडे यायला लागले. एकदा आकडा इतका जास्त आला की घरात इन्सुलिन वाढवायची भाषा सुरू झाली. मला तेव्हा ती सामूची कांडी आठवली. आईला प्रयोगशाळेत नेलं, तर साखर नेहमीसारखीच होती. इन्सुलिन वाढवलं असतं तर साखर एकदम खाली गेली असती आणि त्या वयात ते जिवावर बेतलं असतं.

पट्टीच्या मूळ डबीत ओलावा शोषणारा पदार्थ भरलेला असतो, तोही सच्छिद्रच. पट्टीवरच्या विकराचं घर म्हणजे ती डबी. म्हणून चार गोष्टी सांगतो. पट्ट्या मूळ डबीतच ठेवा. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. डबी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका आणि मुदत संपलेली पट्टी वापरू नका. आणि आकडा अनपेक्षित आला तर हात धुऊन नव्या पट्टीनं पुन्हा बघा. तरी शंका वाटली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बदलू नका. यंत्र आकडा दाखवतं, तो बरोबर आहे की नाही ते बघण्याचं काम आपलं.

आपल्या वडोदऱ्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की रसायन आणि यंत्रविद्या आपल्या भाषेतून शिकवावी. त्या गावात राहून मी छत्तीस वर्षं मराठीत या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. आज बोललो. माझी इच्छा एवढीच की इथे बसलेल्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं घरी जाऊन आजीला विचारावं, नाचणीला मोड आल्यावर नक्की काय होतं? आजीला कृती माहीत आहे, तुम्ही कारण शोधा.

आणि कुठेही कामाला लागलात, तर न तपासता सही करू नका. माझ्या एका सहीची किंमत दुसऱ्या माणसानं दोन वर्षं भरली.

या वेळी मी मध्येच अडकून खाली उतरलो नाही.

गणपती बाप्पा मोरया!